निळ्या दिव्यांचं घर

बेलचं बटण तिने पुन्हा एकदा, या वेळी जरा रागानेच दाबलं. आत काहीच वाजलं नाही.

"ती बेल मेलेली आहे," मागून आवाज आला. "आणि तिच्या आवाजाने उठून दार उघडेल असं आत कुणी राहतही नाही."

ती वळली. आकाश लख्ख, रस्ता कोरडा ठणठणीत... आणि समोर उभा असलेला माणूस मात्र नखशिखांत भिजलेला. केसांतून निथळणारं पाणी भुवयांवरून नाकाच्या शेंड्याशी यायचं, तिथे क्षणभर लटकायचं आणि टपकन पडायचं.

"पाऊस कुठे पडला?" तिने विचारलं.

"फक्त माझ्यावर. रोजच पडतो." तो हसला. "पोहायला शिकवतो मी. पलीकडच्या गल्लीत तलाव आहे. घराची किल्ली माझ्याकडे, आणि तपासनीस येऊन ताटकळेल म्हणून अंग न पुसताच धावत आलो. पण तो अजून आलेला दिसत नाही..."

"तो येणारही नाही. ती आलीय."

त्याने तिच्या खांद्यावरच्या जड पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या टेस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लाल झाले त्याचे. "इंजिनीअरबाई, चुकलो," तो म्हणाला आणि घाईघाईने कुलपाशी झटापट करू लागला.

हे घर त्याच्या थोरल्या बहिणीला हवं होतं. ताई फिजिओथेरपीवाली. खालच्या मजल्यावर दवाखाना आणि वर दोघं भावंडं, असा बेत होता. घर जुनं, दुमजली, भिंती हातभर जाड. कितीतरी हातांतून गेलेलं. आत्ताचा मालक तर तिथे एक रात्रही राहिला नव्हता. पण दवाखान्याच्या परवानगीसाठी विजेच्या तपासणीचा दाखला हवा होता. तो आठवड्याभरात मिळाला तर घर ताईचं. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभंच होतं, आणि त्याला घर नको होतं, खालची जमीन हवी होती. तो ते पाडणार होता.

जुन्या घरांची वीज तपासणं हे तिचं काम. आजवर ती साहेबांच्या हाताखाली जायची. एकटीने आणि स्वतःच्या सहीने करायचं हे पहिलंच घर. त्यामुळे चेहरा तिने मुद्दामच जरा कडक ठेवला होता.

"तुम्ही ओले आहात. कुठल्याही स्विचला हात लावायचा नाही."

"बाई, मी कोरडा असतानाही लावत नाही." तो गंभीरपणे म्हणाला. "लहानपणी एकदा इस्त्रीने असा हिसका दिला होता की... तेव्हापासून विजेचं आणि माझं बोलणं बंद आहे. घरी दिवेसुद्धा ताईच लावते."

खोल पाण्यात बेधडक सूर मारणारा हा गडी, तिने मेन स्विचचं झाकण उघडलं तेव्हा खरोखरच दोन पावलं मागे सरकून लाकडी स्टुलावर चढून उभा राहिला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसायचं नाही. पहिलंच घर आहे.

पण हसू काही ऐकेना. कारण गडी स्टुलावर उभा राहून गप्प बसेल तर ना!

ओसरीच्या भिंतीवर किल्लीसारखा पिळायचा गोल तपकिरी डबा होता. "ही घराची चावी असणार," तो म्हणाला. "पिळली की घर चालायला लागतं."

"हा जुना स्विच आहे. पूर्वी दाबायचे नव्हते, पिळायचे होते."

जिन्याखाली चिनी मातीचे पांढरे ठोकळे होते. "आणि हे? कुणाचे तरी दात?"

"फ्यूज."

"अक्कलदाढेएवढे?"

"तुम्ही असंच बोलत राहिलात तर मला संध्याकाळ होईल."

"मग... होऊ दे की," तो पटकन म्हणाला, आणि म्हणून बसल्यावर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं बघू लागला.

तिने वहीत डोकं खुपसलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

घर तसं चांगल्या हाडाचं होतं. वायरी लाकडी पट्ट्यांतून सरळ नेलेल्या, कुठे घिसाडघाई नाही. माळ्यावरची एक ओळ तेवढी कुजली होती. ती बदलावी लागणार. बाकी तिला एकेक गोष्ट ओळखू येत गेली तसा तिचा जीव भांड्यात पडत गेला. आणि मग तिने मान वर करून दाराकडे पाहिलं.

दाराच्या चौकटीवर, मधोमध, लिंबाएवढा निळ्या काचेचा दिवा होता.

शेजारच्या खोलीच्या दारावरही एक. स्वयंपाकघरात एक. जिन्याच्या वळणावर, न्हाणीघरात, माळ्यावरसुद्धा! प्रत्येक दारावर निळा दिवा... आणि त्यांचा स्विच कुठेच नाही. तिने प्रत्येक बोर्डावरचं प्रत्येक बटण दाबून पाहिलं. निळे दिवे ढिम्म.

"सजावट?" तो म्हणाला.

"न्हाणीघरात?"

"कुणाला आंघोळीची हौस असेल."

याहून विचित्र गोष्ट वर होती. वरच्या लहान खोलीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, भिंतीत एक काळी वाटोळी डबी बसवलेली होती. तिच्या तोंडावर बारीक जाळी, मागून दोन बारीक वायरी निघून भिंतीत गडप. आणि जिन्याखालच्या कपाटात, रंगाच्या थरांखाली गाडलेली एक करडी लोखंडी पेटी.

ती डबीसमोर मांडी घालून बसली. बराच वेळ बसली. तोही शेजारी बसला. आता त्याचे केस वाळून चहूबाजूंना उभे राहिले होते.

"काय आहे हे?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?" ती जरा चिडून म्हणाली. "सगळंच माहीत असतं का कुणाला?"

"तसं नाही... आमच्या तलावावर ज्यांना पोहता येत नाही ना, ते काठावर उभे राहून सगळ्यांत जास्त सल्ले देतात. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मला आवडतो." तो थांबला. "म्हणजे, पटकन शिकतो असा माणूस. तसं म्हणायचं होतं मला."

जाताना दाराशी त्याने विचारलं, "कोपऱ्यावर एक बरं दुकान आहे... काहीतरी गरम घ्याल?"

घ्यावंसं तिला फार वाटलं. "दाखल्यावर सही होईपर्यंत नाही," ती म्हणाली. "ज्याचं घर तपासायचं त्याच्या पंक्तीला बसायचं नाही, असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली आणि भराभर चालू लागली. वळून पाहिलं नाही. पण तो दारातच उभा आहे, हे पाठीला कळत होतं.

घरी आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "केसांत जळमटं, अंगभर चुना आणि तोंडावर हसू! कोणाचं घर होतं ग?"

"एका मास्तरांचं. जेवायला वाढ."

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये पुढच्या वर्षाचे बेत होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी तिची टिपणं वाचली आणि चष्मा कपाळावर ढकलला. साहेब वाईट नव्हते, पण आयुष्यभर लोकांच्या चुका निस्तरून सावध झाले होते. "साधी गोष्ट आहे. जे ओळखू येत नाही ते धोक्याचं. 'अनोळखी उपकरणे, वायरिंग संपूर्ण काढावे, तोपर्यंत घर वापरण्यास अयोग्य' असं लिही आणि मोकळी हो."

"पण सर, मग ते घर पाडतील."

"पाडू देत. उद्या काही पेटलं तर सही तुझी आहे."

"म्हणूनच म्हणते, सर. धोका आहे हे मला माहीत असेल तर मी तसं लिहीन. मला माहीतच नाही, तर कसं लिहू? मला अजून एकदा जाऊ द्या."

साहेबांनी टिपणं तिच्याकडे परत सरकवली. "एकदाच," ते म्हणाले. "आणि चुकलीस तर यापुढे सही माझी आणि पिशवी उचलायला तू, हे लक्षात ठेव."

तिने निरोप धाडला आणि दुसऱ्या सकाळी ती पोचली तेव्हा तो दारात हजर होता. केस पुसलेले, शर्टाला इस्त्री. पायात मात्र गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट.

"हे काय?"

"रबरातून वीज जात नाही. मी वाचलंय." त्याने छाती पुढे काढली. "आज मी मदत करणार. ताई रात्रभर झोपली नाहीये हो. हे घर गेलं तर..." त्याने वाक्य अर्धवटच सोडलं. आज पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"नाही जाणार," ती म्हणाली. असं म्हणायचा तिला काहीच अधिकार नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

तिने मेन स्विच बंद केला. मग वायरींचा माग काढायला सुरुवात झाली. एकेका दिव्याच्या वायरीचं टोक त्याने वर धरायचं आणि तिने खाली पेटीपाशी मीटर लावून तीच वायर कुठे येते ते शोधायचं. पहिली वायर त्याने जळत्या काडीसारखी चिमटीत, अंगापासून लांब धरली.

"यात वीज नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"मास्तर, तुम्ही पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला काय सांगता?"

"सांगतो की... मी आहे."

"मग," ती जिन्यावरून वर बघत म्हणाली, "मी आहे."

पुढची वायर त्याने सरळ मुठीत धरली. घरभर आवाज घुमत राहिले. "न्हाणीघर! आली?" "आली!" "माळा?" "जरा खरवडा... आली!" दुपार होईतो सगळा नकाशा तिच्यासमोर उभा राहिला. सगळे निळे दिवे या एका पेटीत येत होते. पेटीतून आणखी दोन बारीक वायरी वरच्या काळ्या डबीकडे जात होत्या, आणि दोन बाहेर, दर्शनी दाराकडे.

पेटी तिने उघडली, झाडली, पुसली. आत छोटा ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे दिव्यांना जाणारी वीज अगदी सौम्य, खेळण्यातल्या गाडीला लागते तेवढीच. तिला निम्मा आनंद इथेच झाला. फ्यूजची जागा रिकामी होती. कुणीतरी कधीकाळी तो काढून घेतला होता. तिने सगळं दोनदा तपासलं, नवा फ्यूज बसवला.

"मी चालू करतेय. तुम्ही बाहेर थांबा."

"मी थांबतो ना इथेच..."

"चेहरा बघा तुमचा. जा बाहेर."

तो गेला. तिने मेन स्विच चढवला. श्वास रोखला.

काहीच झालं नाही. एकही निळा दिवा लागला नाही. कपाटाच्या अंधारात उकिडवी बसलेली ती तशीच बसून राहिली. साहेबांचं वाक्य कानात वाजत होतं, आणि त्याहून मोठ्याने त्याचं अर्धवट वाक्य. हे घर गेलं तर...

बाहेर तोही अस्वस्थ झाला होता. आत चिडीचूप. हाक मारावी तर तिचं लक्ष उडेल. काय करावं हे सुचेना, तेव्हा माणूस करतो ते त्याने केलं. समोर बटण दिसलं, ते दाबलं.

कपाटाच्या फटीतून निळा उजेड तिच्या तोंडावर पडला. ती ओरडलीच.

तिचा आवाज ऐकला मात्र, आणि तो बूट धडाधड वाजवत आत घुसला. वीज, इस्त्री, हिसका, काही म्हणजे काही त्याला आठवलं नाही. सरळ उघड्या पेटीशी येऊन त्याने तिचे दोन्ही खांदे धरले. "लागलं? तुला लागलं का? बोल ना!"

"मला काही झालं नाही..." ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही... आत्ता काय केलंत?"

"आत आलो."

"त्याच्या आधी?"

"बेल दाबली. ती मेलेली बेल."

तिने त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच दाराशी नेलं. "दाबा. दाबत राहा, थांबू नका!" आणि ती आत धावली. स्वयंपाकघरात निळा दिवा लुकलुकत होता. न्हाणीघरात लुकलुकत होता. जिन्यावर, वरच्या खोल्यांत, माळ्यावर... सगळं घर एका लयीत निळं होत होतं आणि विझत होतं. ती जिन्याच्या मधोमध थांबली. मग ओरडली, "मास्तर! या घरातली बेल मेलेली नाहीच! या घरात बेल कधी नव्हतीच!"

"म्हणजे?"

"इथे राहणाऱ्यांना ऐकू येत नव्हतं. दाराशी कुणी आलं की त्यांना दिसायचं. ते कुठल्याही खोलीत असोत... अगदी न्हाणीघरातसुद्धा."

आता काळी डबी. ती पळतच वरच्या खोलीत गेली, डबीसमोर बसली. आता ती काय असावी हे तिच्या मनात उजाडायला लागलं होतं, पण ते खरं असेल असं म्हणायचा धीर होईना. जुन्या टेलिफोनच्या तोंडात असते तशी कोळशाची पूड आत असणार, आणि इतक्या वर्षांत ती थिजली असणार. ती मोकळी व्हावी म्हणून तिने पेन्सिलीने डबीवर हलकेच टकटक केलं. पुन्हा केलं. मग तोंड जवळ नेऊन लहान बाळासारखा आवाज काढला.

दारावरचा निळा दिवा लागला. ती थांबली, तो विझला. तिने पुन्हा रडका सूर काढला, तो पुन्हा लागला.

बेल सोडून तो वर आला होता, खोलीच्या दारात उभा होता. "हे... काय ऐकतंय?"

"बाळ." तिने डबीच्या जाळीवर बोट ठेवलं. "इथे पाळणा असणार. बघा ना, उंची तेवढीच आहे. बाळ रडलं की घरातले सगळे दिवे लागायचे, म्हणजे आईबाबा जिथे असतील तिथून धावत यायचे."

तो तिच्याशेजारी खाली बसला. बूट, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यासकट. त्याने तिच्या गालावरचा चुना आपल्या बाहीने पुसला, आणि तिने पुसू दिला.

"कोण आहे रे घरात?" खालून म्हाताऱ्या आवाजात हाक आली. समोरच्या घरातल्या काकू रस्ता ओलांडून आल्या होत्या, उघड्या दारात धापा टाकत उभ्या होत्या. "इतक्या वर्षांनी निळे दिवे दिसले खिडकीत... मला वाटलं, ती दोघं परतच आली की काय!"

काकूंनी जिन्यावरच बसून सांगितलं. नवरा-बायको, दोघांनाही ऐकू-बोलता येत नसे. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बाळ व्हायच्या आधी त्याने सहा महिने खपून हे सगळं स्वतःच्या हातांनी केलं. "आणि भांडायची काय! हातांनी! नुसती पाखरं उडाल्यासारखे हात. मी खिडकीतून बघत बसायची. आणि एकाने चिडून डोळे मिटून घेतले की दुसऱ्याची बोलतीच बंद! मग तो बाहेर जाऊन बटण दाबत बसायचा, ती डोळे उघडेपर्यंत."

"आणि बाळ?" त्याने विचारलं.

"बाळ कसलं आता! आजोबा झालाय तो. पण माझ्या पाहण्यात त्याच्याइतकं लवकर कुशीत घेतलेलं पोर दुसरं नाही हो."

त्या संध्याकाळी तिने अहवाल लिहिला. माळ्यावरची एक ओळ बदलावी. बाकी वायरिंग सुस्थितीत. दिवे, डबी आणि पेटी: दाराची व बाळाच्या रडण्याची सूचना उजेडाने देणारी योजना, सौम्य दाबाची, सुरक्षित. खाली स्वतःची सही, ठसठशीत.

साहेबांनी तो वाचला आणि टोपी घातली. स्वतः त्या घरी आले. ताई, तो, ती, सगळे श्वास धरून उभे. साहेबांनी पेटी पाहिली, मीटर लावला, बटण दाबलं. मग वरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. वरून खोकल्याचा आवाज आला, मग गुणगुणण्याचा, आणि जिन्यावरचा निळा दिवा तालात लुकलुकू लागला.

खाली आले तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता. "मी असतो तर हे काढून टाका असं लिहिलं असतं," ते म्हणाले. "आणि फार मोठी चूक केली असती. पोरी, पुढच्या घरापासून मला विचारत बसू नकोस."

ताईने तिला मिठीच मारली, आणि मिठीतूनच भावाकडे बघून भुवई उडवली. भाऊ छताकडे बघत होता.

दाखला मिळाला. घर ताईचं झालं. सही झाली, म्हणजे नियमही संपला. ती वाट बघत राहिली. आज येईल, उद्या येईल... मास्तर काही येईनात. आई दोनदा म्हणाली, "मास्तर बरे आहेत ना ग?" तिसऱ्यांदा म्हणायची वेळ तिने येऊ दिली नाही. चपला घातल्या आणि पलीकडच्या गल्लीतला तलाव गाठला.

तलावात साठीपुढच्या बायकांचा वर्ग चालला होता. डोक्याला रंगीबेरंगी टोप्या, काठाचा आडवा दांडा घट्ट धरून सगळ्या आज्या पाय आपटत होत्या, आणि मधोमध छातीभर पाण्यात उभा राहून तो आकडे मोजत होता. तिला बघितलं आणि त्याचं मोजणं चुकलं.

"इंजिनीअरबाई? घरात काही... बिघडलं का?"

"घर छान आहे." सगळे पाय आपटायचे थांबले होते. आवाज नको तितका घुमत होता. पण आता मागे फिरायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "काम संपलं माझं. आज मी स्वतःसाठी आलेय. त्या दिवशी मी ओरडले तेव्हा, ज्या विजेला तुम्ही इतके भिता, तिच्यात तुम्ही माझ्यासाठी धावत आलात... आणि मग आठवडाभर पत्ताच नाही! मला तुम्ही आवडता. आता तुमचं काय ते सांगा."

त्यावर, सगळ्यांच्या देखत, तो पाण्याखाली गेला.

वर बुडबुडे आले. मग तेही थांबले.

"अग बाई," एक आजी म्हणाली, "मास्तर बुडाले!"

"बुडतायत कसले! लाजलेत ते," दुसरी म्हणाली. "अहो मास्तर! आम्हाला सांगता ना, घाबरायचं नाही म्हणून? या वर!"

तो वर आला तो थेट काठाशी, तिच्या पावलांजवळ. पापण्यांवर पाणी, श्वास फुललेला. "आठवडाभर रोज पाण्याखाली जाऊन एकच वाक्य पाठ करतोय," तो म्हणाला. "खाली बरोबर येतं. वर आलं की विसरतो."

"मग विसरलेलंच सांगा."

"तू मला... पहिल्याच दिवशी. तू 'माहीत नाही' म्हणालीस ना, तेव्हापासून. मला मात्र तेव्हाच माहीत झालं होतं."

ती खाली वाकली, हात पुढे केला. त्याने तो धरला, काठावर चढला, आणि त्याच्या अंगावरचं सगळं पाणी तिच्या नव्या कपड्यांवर आलं. ती हसत सुटली. या वेळी ओठ मिटायचं काही कारणच नव्हतं.

पाण्यात आज्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. टाळ्यांसाठी सगळ्यांनी दांडा सोडला होता, आणि महिनाभर जे जमलं नव्हतं ते झालं: एकही आजी बुडाली नाही. सगळ्याच्या सगळ्या तरंगत होत्या.